दीड ते साडेतीन

आमच्या इमारतीच्या मागे शाळेच्या बसगाड्या उभ्या करायचं मैदान आहे. मैदान कसलं, खडी पसरलेली मोकळी जागा. एका कडेला नळ, दुसऱ्या कडेला सुपरवायझरची पत्र्याची खोली आणि मधे सात पिवळ्या गाड्या. माझी खिडकी पहिल्या मजल्यावर, बरोबर तीन नंबरच्या गाडीवर उघडते. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून माझा बराचसा दिवस या खिडकीतच जातो. चाळीस वर्षं लोक तिकीट काढून मला बघत होते, आता मी फुकटात लोकांना बघते. फिट्टंफाट.

नाटकात मी नायिका कधीच नव्हते. आधी नायिकेची मैत्रीण, मग तिची मोठी जाऊ आणि शेवटी शेवटी तिची आई. अशी कामं करणाऱ्याला एक सवय लागते. आपलं वाक्य नसेल तेव्हा विंगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. नाटक सुटलं, सवय राहिली. म्हणून तर तीन नंबरमधला आवाज मला ऐकू आला.

दुपारचे दोन वाजले असतील. मैदानात चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हर मंडळी घरी गेलेली, नाहीतर आपापल्या गाडीत सीटवर आडवी झालेली. मी खिडकीत मटार सोलत होते. आणि खालच्या बसमधून कुणीतरी म्हणालं, "प्रधानजी, आज आम्ही राज्य करणार नाही. आज आम्हाला कंटाळा आला आहे."

मग दुसरा आवाज, नाकातून काढलेला. "पण महाराज, प्रजा बाहेर उभी आहे."

"मग तिला सांगा, बसा म्हणावं."

वाक्यं बरी होती. पण राजाचा आवाज! घशात अडकलेला, चोरटा, मांजराला घाबरल्यासारखा. मला राहवेना. मटाराचं ताट बाजूला ठेवलं, खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडले, "अहो, राजा आहे का उंदीर? आवाज पोटातून काढा! शेवटच्या रांगेला काय ऐकू जाणार?"

मग ड्रायव्हरच्या बाजूची काच हळूहळू खाली गेली आणि टक्कल पडायला लागलेलं एक डोकं बाहेर आलं. त्याच्या हातात एक मोजा चढवलेला. मोज्याला दोन बटणांचे डोळे आणि डोक्यावर बाटलीच्या झाकणाचा मुकुट.

"मावशी," तो हात पुढे करून गयावया करत म्हणाला, आणि त्याबरोबर राजाही माझ्यापुढे वाकला, "कुणाला सांगू नका हं."

अशी आमची ओळख झाली.

मैदानात त्याला सगळे तीन नंबर म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. पंचेचाळिशीचा माणूस, अंगाने आडवा, आवाजाने लहान. पहाटे साडेचारला उठायचा. घरी वडील, त्यांची उजवी बाजू गेलेली. त्यांचं सगळं आवरून सहाला गाडी काढायची आणि मुलांना शाळेत पोचवायचं. नऊ वाजता घरी जाऊन वडिलांना उचलून आंघोळ घालायची, कारण ते त्याच्या बायकोला एकटीला झेपणारं नव्हतं. ती कपडे आल्टर करून द्यायची. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, गणवेशाच्या उसवलेल्या शिवणी. ते कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे, नवे घेऊन यायचे. बाराला पुन्हा शाळा. लहान मुलांना दीडपर्यंत घरी सोडायचं, मोठ्यांना साडेतीन ते सहा. त्यानंतर पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो, नऊपर्यंत. घरी जाऊन जेवायचं आणि पडायचं.

"मावशी, मी दिवसभर बसलेलाच असतो," तो एकदा म्हणाला, "पण बसायला म्हणून कधी मिळत नाही."

राहिले दीड ते साडेतीन. या दोन तासांचं घरी कुणाला माहीत नव्हतं.

"म्हणजे खोटं बोलतोस?" मी विचारलं.

"खोटं बोललो नाही हो. वर्षापूर्वीपर्यंत या वेळात ज्याची त्याने गाडी धुवायची असा नियम होता. घरी तेव्हा सांगितलं होतं. मग धुवायला माणसं ठेवली. नियम बदलला, एवढंच सांगायचं राहिलं."

"वर्षभर राहिलं?"

"आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता..." तो राजाच्या मुकुटाशी चाळा करत बसला. "आणि मग वाटलं, सांगितलं की गेले."

मीही गप्प बसले. गप्प बसणारा किती निर्दोष असतो ते पुढे कळलंच मला.

बाहुल्यांची गोष्ट अशी. मुलं बसमध्ये काहीतरी विसरतातच. एकेकटे मोजे, रिबिनी, पट्टा तुटलेली टोपी, पेन्सिलींचे तुकडे, रुमाल, बाटल्यांची झाकणं. ड्रायव्हरच्या पायाशी त्यासाठी एक खोका होता. वस्तू सापडली की तो तिला तारखेची चिठ्ठी टाचायचा आणि खोक्यात टाकायचा. महिनाभर कुणी विचारलं नाही तर ती वस्तू मैदानातल्या कचऱ्याच्या पिंपात जायची. तो शाळेचाच नियम होता. तीन नंबरने त्यात एकच भर घातली. महिना झालेली वस्तू तो पिंपात न टाकता आपल्या बाहुल्यांच्या पिशवीत टाकायचा. मोज्याचा राजा व्हायचा, टोपीचा पेटारा, रिबिनीची नदी.

त्याच्या डोक्यावर एक लांबलचक आरसा होता. मागची मुलं काय दंगा घालतात ते ड्रायव्हरला दिसावं म्हणून बसवलेला. तो आपली सगळी मंडळी सीटवर बसवायचा, आपण पुढे बसायचा आणि दोन हातांवर दोन बाहुल्या घेऊन आरशात बघत खेळ करायचा. प्रेक्षकांकडे पाठ, तरी सगळे समोर. असं थिएटर मी कुठे पाहिलं नाही, आणि मी काही कमी थिएटरं पाहिलेली नाहीत.

तो कलावंत-बिलावंत होता असं मी म्हणणार नाही. राजाचा आवाज काढायला मी त्याला दोन वर्षं शिकवलं. मी वरून, तो खालून. शेवटपर्यंत राजा कधी पोटातून बोलला, कधी नाही. टाके तर असे घालायचा की बघवत नव्हतं. पण दीड वाजता गाडी लावताना त्याचे खांदे कानांना टेकलेले असायचे आणि सव्वातीनला ते जागेवर आलेले असायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलं. आमच्या काळी पडदा पडल्यावर दिवसाचा थकवा असाच उतरायचा. प्रयोगाचा थकवा वेगळा, तो गोड असतो. तो तेवढा उरायचा.

आणि मग त्याच्या हातून चूक झाली.

सुट्टी लागली त्या दिवशी बालवर्गातल्या एका मुलीचा मोजा बसमध्ये राहिला. पिवळा, टाचेवर बदक काढलेलं. त्याने चिठ्ठी टाचली, तारीख लिहिली. दोन आठवडे शाळा बंद होती. सुट्टी संपली तर बदकवाली तापाने आजारी पडली. तिसाव्या दिवशी त्याने चिठ्ठी बघितली, महिना पुरा झाला होता, आणि मोज्याचा सेनापती झाला. काळ्या लोकरीची झुपकेदार मिशी लावली त्याला. सुट्टीचे दिवस महिन्यात धरायचे नसतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यासारख्यांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊकच नसतं, मग ती वजा कुठून करणार?

त्या दिवशी राजा आणि सेनापती यांच्यात लढाई व्हायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. सेनापतीचं म्हणणं, सैन्याला झोप हवी आहे. रंगात आलेला खेळ, साडेतीन कधी वाजले कळलं नाही. घाईघाईत सगळं पिशवीत कोंबताना सेनापती सीटखाली घरंगळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदकवाली आजारानंतर पहिल्यांदाच बसमध्ये आली आणि नेमकी तिथेच बसली.

"माझा मोजा!" ती किंचाळली. "अय्या, याला मिशी आलीय!"

पोरगी खूष. सेनापतीला हातात घालून सगळ्या बसला सलाम करवत घरी गेली. आईने मात्र तो मोजा पाहिला, मुलीकडून सगळं काढून घेतलं आणि शाळेत फोन केला. मी तिला दोष देत नाही. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एका हातात पोरीचं दप्तर, दुसऱ्या हातात फोन, अशी बाई मुलीच्या थांब्यावर उभी असते. तिला काय कळणार? दुपारच्या वेळी एक माणूस रिकाम्या बसमध्ये एकटा बसतो आणि मुलांचे मोजे हातात घालून त्यांच्याशी बोलतो. ऐकायला बरं वाटतं का ते?

सुपरवायझरने तीन नंबरला फोन लावला. तो साडेतीनच्या फेरीवर होता, फोन बंद. मग घरच्या नंबरावर लावला. या सुपरवायझरला मैदानात सगळे शिट्टी म्हणायचे, कारण ती कायम गळ्यात असायची आणि बोलण्याऐवजी तो तीच वाजवायचा. फोनवर शिट्टी वाजवता येत नाही, त्यामुळे बोलावं लागलं. शिवाय खोलीचं दार सताड उघडं.

"वहिनी, एक विचारू का? दीड ते साडेतीन तुमचे मिस्टर गाडीत काय करत असतात?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण शिट्टी म्हणाला, "धूत? छे हो, धुवायला माणसं आहेत. त्या वेळात ड्रायव्हर मोकळेच असतात. बाकीचे सांगतात, हे मुलांच्या मोज्यांच्या बाहुल्या करून त्यांच्याशी बोलत बसतात." मग, "हॅलो? वहिनी?"

मी खिडकीत होते. चालू नाटकात भलत्याच वेळी कुणी एंट्री घेतली की व्हायचं, तसं झालं.

तो घरी गेला तेव्हा तिने नेहमीसारखं ताट वाढलं, वडिलांची कूस बदलायला त्याला हाक मारली, दिवा मालवला. "भांडली असती तर बरं झालं असतं," तो नंतर मला म्हणाला. "आमच्या घरातलं मशीनसुद्धा त्या दिवशी आवाज न करता चालत होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने दीड वाजता गाडी लावली. पिशवी उघडलीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. पाच-दहा मिनिटांत मैदानाच्या फाटकातून एक बाई आत आली. बारकी, मान थोडी पुढे वाकलेली, भरभर चालणारी. गळ्यात मोजपट्टी तशीच. काढायची राहिली असावी.

ती तीन नंबरच्या दाराशी थांबली. "चढू का? की तिकीट लागतं?"

तो ताडकन उठला. "तू? आणि बाबा?"

"शेजारच्या काकूंना बसवून आलेय. विचारत होत्या, कुठे निघालात. म्हटलं, नवऱ्याबरोबर फेरीला."

गाडीच्या काचा उघड्या होत्या आणि माझे गुडघे गेले असले तरी कान शाबूत आहेत. खिडकीतून उठून जायला हवं होतं मी. नाही उठले.

ती वर चढली. इकडे तिकडे बघितलं. "गाडी धुतलेली दिसत नाही आज."

"आता धुवायला माणसं आहेत," तो पुटपुटला.

"हो का? कधीपासून?"

"झाली... तीन वर्षं."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "दुपारी बाबांची कूस बदलताना माझ्या पाठीत उसण भरते. तेव्हा मी मनात काय म्हणते माहितीय? जाऊ दे, ते तरी कुठे सुखात आहेत, उन्हातान्हात बस धूत असतील." तिला हसू आलं, पण ते हसू नव्हतं. "उन्हातान्हात!"

त्याने पिशवी पायाने सीटखाली सरकवली.

"दारू असती तर समजले असते. बाई असती तर भांडले असते. मोज्यांशी काय भांडू मी, सांगा!"

"चुकलं माझं."

"ते झालंच. पण का, ते सांगा."

राजासाठी त्याला वाक्यं सुचायची, स्वतःसाठी सुचेनात. शेवटी म्हणाला, "घरी आलो असतो तर तिथेही कामाचाच झालो असतो. आल्याबरोबर मलाच दिसलं असतं, हे उचल, ते पोचव. इथे मी कुणाचाच काही नसतो. ना ड्रायव्हर, ना मुलगा."

"ना नवरा," तिने पुरं केलं.

"बरं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पोटातूनही काढला नाही. तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "आणि मला कुठली बस आहे?"

चाळीस वर्षांत मी भल्याभल्या लेखकांची वाक्यं बोलले. त्या वाक्यापुढे ती सगळी पाणी भरतील. दोन वर्षं त्या दुपारींची मी मजा घेतली होती. त्या कुणाच्या पाठीवर उभ्या आहेत, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

ती तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. "दाखवा."

"काय?"

"एवढं काय होतं ते तरी बघू दे की."

त्याने पिशवी उघडली. मुकुट दोनदा पडला. मग तो पुढे बसला आणि आरशात बघत सुरुवात केली. "प्रधानजी, आज आम्ही राज्य करणार नाही..." राजाचा आवाज पुन्हा घशात. मी खिडकीत ओठ चावत बसले. पण त्या दिवशी ओरडले नाही.

प्रजा बाहेर उभी होती, प्रधान नाकातून बोलत होता, सैन्याची बाजू मांडायला सेनापती नव्हता. पाच मिनिटं झाली असतील. मधेच तो थांबला. आरशात एकटक बघत राहिला. मग उठला, मागे गेला आणि आपलं जाकीट घडी करून काच आणि तिचं डोकं यांच्यामध्ये सरकवलं.

तिला झोप लागली होती. बसल्या बसल्या, तोंड थोडं उघडं, गळ्यातली मोजपट्टी श्वासाबरोबर वरखाली होणारी.

खेळ अर्धाच राहिला. तो परत पुढे येऊन बसला आणि काहीच केलं नाही. त्या दोन वर्षांत मी त्याला असा निवांत, नुसता बसलेला प्रथमच पाहिला.

अडीचच्या सुमाराला शिट्टी आला. तपासणीला. दारात पाय ठेवता ठेवता शिट्टी तोंडात घातली, तोच तीन नंबरने ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आहे?" शिट्टी कुजबुजला. हा माणूस कुजबुजू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मिसेस."

"काय करतायत?"

"झोपल्यात."

"हे चालणार नाही हं. बाहेरच्या माणसाने गाडीत यायचं नाही."

"माहितीय साहेब. जरा हळू बोला."

"मी हळूच बोलतोय," शिट्टी रागारागाने कुजबुजला. मग त्याने आत डोकावून तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. तो खालच्या पायरीवर बसला, एक बूट काढला आणि आपलंच पाऊल चेपत राहिला. चांगली दहा मिनिटं. जाताना म्हणाला, "सव्वातीनला उठवा त्यांना. आणि ते मोज्यांचं तेवढं बंद."

ती उठली तेव्हा क्षणभर तिला आपण कुठे आहोत ते कळेना. गालावर जाकिटाच्या घडीचा वळ उमटला होता. खाली उतरली, फाटकाकडे निघाली आणि मधेच थांबून वर बघितलं. सरळ माझ्या खिडकीकडे.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं गं."

"आणि तुम्ही त्यांना आवाज काढायला शिकवत होतात."

आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्य विसरले.

शाळेचा निर्णय दोन दिवसांत आला. नोकरी वाचली. ड्रायव्हरने दुपारी गाडीत आराम केला तर हरकत नाही, पण हरवलेल्या वस्तूंचा खोका यापुढे शिट्टीच्या खोलीत राहील आणि मुलांच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. बदकवालीच्या आईची माफी मागायला तो थांब्यावर उतरला. मिशी काढून मोजा होता तसा करून देतो म्हणाला. त्यावर बदकवालीने असा टाहो फोडला की सेनापती तिच्याकडेच राहिला. आठवड्याने आईने दुसरा मोजाही त्याच्या हातात ठेवला. "आता ही हा पण घालत नाही," ती वैतागून म्हणाली. "घ्या. आणि महिना थांबायचं कारण नाही, मी स्वतः देतेय."

बाकीची मंडळी, राजा, प्रधान आणि नऊ जणांची प्रजा, तो पिशवीत भरून माझ्याकडे घेऊन आला. माझी प्रवासाची ट्रंक अजून पलंगाखाली आहे. तिच्यात मखमलीचा एक झगा आहे, कोपरावर विरलेला, काही जरीच्या पट्ट्या आणि खोटे मणी. बारा वर्षं मी ती उघडली नव्हती. "खोका गेला ना? मग यातलं लागेल तेवढं काप," मी म्हटलं. तो कात्री हातात घेऊन नुसताच बसला. शेवटी पहिला काप मीच मारला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ट्रंकेत पडून त्या झग्याला तरी कोण टाळ्या वाजवणार होतं?

घरचा निर्णय मात्र शाळेपेक्षा कडक निघाला. पहिला महिना रोज दीड ते साडेतीन तो घरी वडिलांजवळ, आणि ते दोन तास तिचे. त्यानंतरचं त्यानंतर बघू. तो निमूटपणे हो म्हणाला. महिनाभर तीन नंबरच्या काचा बंद होत्या आणि मैदान मला फार मोठं वाटायचं.

वडिलांना त्याने बाहुल्या दाखवून बघितल्या. माझ्या ट्रंकेतल्या जरीचा मुकुट घालून राजा पलंगापाशी उभा राहिला, पोटातून बोलला. म्हाताऱ्याने डाव्या हाताने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. "जवळजवळ रोजच ओढतात," तीन नंबर म्हणाला. "परवा फक्त एकदा म्हणाले, मुकुट वाकडा बसलाय."

तिचंही सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस ती घरीच आडवी झाली, पण पडल्या पडल्या मशीन दिसायचं, घडीचे कपडे दिसायचे, सासऱ्यांचा खोकला ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी.

"मावशी, तुमच्याकडे दिवाण आहे असं हे म्हणत होते."

"आहे की. ये ना!"

"येते. पण बोलायचं नाही."

"बाई, मी नटी आहे."

"म्हणून तर सांगतेय."

बंधन मोठं होतं, पण माझ्याकडून तिचं एवढं येणं होतंच. ती आत आली, गळ्यातली मोजपट्टी काढून दारामागच्या खिळ्याला अडकवली, भिंतीकडे तोंड करून झोपली. आणि झोपली म्हणजे काय! जग इकडचं तिकडे झालं तरी तिला पत्ता लागला नसता. महिनाभर ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलली असेल, "आले" आणि "जाते". मी खिडकीत बसून मटारसुद्धा आवाज न करता सोलायला शिकले.

नंतर त्यांचं ठरलं. आठवड्यातले तीन दिवस तिचे, दोन त्याचे. त्याच्या दिवशी तीन नंबरची काच खाली येते आणि मी वरून ओरडते. तिच्या दिवशी मी गप्प असते. बाकी काही बदललं नाही. तो अजून साडेचारला उठतो, टेम्पो सुटलेला नाही, तिची मान अजून पुढे वाकलेली आहे. अलीकडे त्या मानेतून कळा निघतात म्हणते.

परवाचीच गोष्ट. तिचा दिवस होता. निघायच्या वेळेआधीच तिला जाग आली आणि ती उठून बसली. खिडकीच्या कठड्यावर त्याची नवी राणी होती, बदकवालीच्या दुसऱ्या मोज्याची, माझ्या झग्याची मखमल नेसलेली. आदल्या दिवशी मला दाखवायला म्हणून ठेवून गेला होता. तिने ती उचलली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली.

"शी," ती म्हणाली. "हे काय टाके म्हणायचे? एक बोटभर, एक टीचभर. दोरा तर बघा, पिवळ्यावर काळा."

"म्हणजे, मनापासून करतो गं तो," मी म्हटलं.

"ते दिसतंय." ती अंगठ्याने टाके चाचपत होती. "सगळं उसवून धड करायला हात नुसते शिवशिवतायत माझे."

मला वाटलं, झालं, हीच ती घटका. मोठ्या लगबगीने उठले, गुडघे कुरकुरले, कपाटातून सुईदोऱ्याचा डबा काढून तिच्यापुढे धरला. नाटकात असतं तर इथे संगीत वाजलं असतं.

तिने डब्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग राणीला जागेवर ठेवून दिलं, तोंड खिडकीबाहेर करून.

"नको मावशी, ठेवा तो," ती म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. "अजून वीस मिनिटं आहेत माझी."

मी डबा परत कपाटात ठेवला, झाकण वाजू न देता.